बडोद्यातलं लॉन आणि युरिया : पाऊस बघून हात आखडता घ्या

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ भरून आलं की बडोद्यातल्या कित्येक सोसायट्यांत एकच वाक्य ऐकू येतं : "वरसाद आवे ए पहेलां खातर नाखी दो." म्हणजे, पाऊस येण्याआधी खत टाकून द्या. माळीभाई युरियाची पिशवी फोडतात, मुठीमुठीने लॉनवर फेकतात आणि रात्री पाऊस ते मुरवून टाकतो. पाइप ओढायला नको, पाण्याचा खर्च नको. आठवड्याभरात हिरवळ गर्द होते आणि सगळे खूश होतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत तीच हिरवळ पिवळट पडते. मग पुन्हा युरिया.

माझ्या मते आपल्या शहरात लॉनला खत घालण्याची याहून वाईट वेळ नाही. पाऊस खत मुरवतो हे खरं, पण तो मुळांशी थांबत नाही. टाकलेल्यातला बराच भाग मुळांच्या खाली निघून जातो आणि तिथून भूजलात.

हा लेख नवख्यांसाठी आहे. कुणी भायली-गोत्रीकडे नवं टेनामेंट घेतलंय आणि पुढे हिरवळीचा तुकडा आहे, कुणाच्या गळ्यात सोसायटीच्या कमिटीने बागेचं काम घातलंय, अशांनी हे एकदा वाचून मग दुकानात जावं.

पहिलं काम : गवत ओळखा

आपल्याकडची लॉनची गवतं उष्ण हवेतली. दुर्वा म्हणजे हरळी, तिच्या बारीक पानाच्या निवडक जाती, आणि नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन किंवा कोरियन ग्रास म्हणतात ती झोयशियाची मऊ गादी. ही गवतं २७ ते ३५ अंश तापमानात जोमाने वाढतात. रात्री १५ अंशांच्या खाली गेल्या की हात आखडतात आणि १० अंशांच्या आसपास जवळजवळ झोपतात. इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले थंड मुलखातल्या गवतांसाठी लिहिलेले असतात. तिथे ऐन थंडीच्या तोंडावर भरपूर खत द्यायला सांगतात. ते आपल्याला लागू नाही.

हरळी खादाड आहे, झोयशिया अल्पाहारी. हा फरक लक्षात न घेता दोघींना सारखं खत घातलं की झोयशियाची गादी फुगते. खाली वाळक्या देठांचा स्पंजासारखा थर साठतो आणि पाय ठेवला की रुततो. तुमच्याकडे काय आहे ते कळत नसेल तर एक धावती फांदी उचलून बघा. हरळीची फांदी फरशीवर सरपटत हातभर पुढे जाते. झोयशिया जागच्या जागी दाट होत राहते आणि तिचं पान दाबलं तर ताठ, किंचित टोचरं लागतं.

दुसरं : माती बाटलीत घालून बघा

बडोदा जिल्ह्यात दोन टोकांची माती आहे. मही नदीच्या बाजूला गाळाची, रेताड, भुसभुशीत जमीन, जिला इथे गोराडू म्हणतात. डभोई-करजणकडे काळी, कापसाची. शहरातल्या सोसायटीत मात्र यातली कोणती मिळेल याचा नेम नाही, कारण बिल्डरने भराव कुठून आणला ते तोच जाणे. वर चार बोटं लाल माती, खाली महीची रेती आणि त्याखाली विटांचे तुकडे, हे चित्र अगदी नेहमीचं आहे.

म्हणून लॉनच्या तीन-चार जागांवरून वीतभर खोल माती काढा, खडे-मुळं निवडून मिसळा. काचेच्या सरळ बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर भांडी घासायची पावडर घालून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात जे तळाला बसतं ती रेती. दोन-तीन तासांत त्यावर बसते ती गाळाची बारीक माती. पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळ ठेवते ती चिकणमाती. बरणीच्या बाहेरून थर स्पष्ट दिसतात, पट्टी लावून मोजा. रेतीचा थर निम्म्याहून जास्त असेल तर तुमचं लॉन गळक्या गोटातलं. पुढचा प्रत्येक आकडा तुम्ही थोडा कमी धरायचा आणि तो जास्त हप्त्यांत द्यायचा.

सेंद्रिय कर्ब, सामू (पीएच), पालाश (पोटॅश) हे मोजायचं असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. मोठ्या बागेसाठी तो खर्च वसूल होतो. अंगणातल्या तुकड्यासाठी बरणी पुरे.

नत्र (नायट्रोजन) जमिनीत जाऊन काय करतं

इथे थोडा वेळ थांबू, कारण हे एकदा कळलं की पुढचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही.

युरियाचा पांढरा दाणा ओल्या जमिनीत विरघळतो. जमिनीत युरीएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते काही दिवसांत युरियाचं अमोनियम करतं. हे काम जमिनीच्या पृष्ठभागावरच झालं, वर ऊन तापलेलं असलं आणि माती अल्कधर्मी असली, तर नत्राचा काही भाग अमोनिया वायू होऊन हवेत उडतो. वाईट परिस्थितीत पाव हिस्सासुद्धा उडू शकतो. एप्रिलच्या दुपारी युरिया फेकून पाणी न देता झोपायला गेलात तर हेच होतं.

जमिनीत उतरलेलं अमोनियम मात्र गुणी. त्याच्यावर धन भार असतो, चिकणमातीच्या आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या कणांवर ऋण भार, त्यामुळे ते कणांना चिकटून बसतं. मुळं त्याला सावकाश उचलतात. अडचण अशी की जमिनीतले जिवाणू त्याला तसं बसू देत नाहीत. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. उबदार, ओलसर जमिनीत दोन-तीन आठवड्यांत बहुतेक काम उरकतं. नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे त्याला धरून ठेवणारं कुणी नाही. पाणी जिथे जाईल तिथे नायट्रेट जातं.

पाणी कुठवर जातं? आधीच ओल्या असलेल्या रेताड जमिनीत २५ मिलिमीटर पाऊस पाण्याचा थर वीतभर किंवा त्याहून खाली ढकलतो. चिकणमातीत तोच पाऊस साधारण १० सेंटिमीटर उतरतो. लॉनची बहुतेक मुळं वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात. म्हणजे गोराडूवर एक दमदार सर आली की नायट्रेट मुळांच्या हाताबाहेर गेलंच. आणि बडोद्यात सर म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षाचा सगळा ९०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जून ते सप्टेंबरात, तोही झडींनी. ३१ जुलै २०१९ ला तर एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर कोसळला होता. विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यावर आल्या, त्या दिवशी कुणाच्या लॉनमधलं नायट्रेट जागेवर राहिलं असेल?

काळ्या जमिनीची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली धावतो आणि वर टाकलेलं खतही सोबत नेतो. नंतर माती फुगून भेगा मिटतात, पाणी वर तुंबतं, जमिनीत हवा उरत नाही. मग वेगळे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने उडून जातो. खाली गेला नाही तर वर गेला. तुमच्या गवताला मिळाला नाही, एवढं सारखंच.

एक गोष्ट लॉनच्या बाजूने सांगायला हवी. दाट, वाढतं लॉन नत्र पकडण्यात पटाईत असतं. वरच्या थरात मुळांचं इतकं घट्ट जाळं असतं की बेताने दिलेल्या खतातलं फार थोडं खाली निसटतं. गळती होते ती मोजक्या प्रसंगी : खत एकदम जास्त पडलं, पाणी जास्त झालं, गवत झोपलेलं असलं, किंवा लॉन नुकतंच लावलेलं असून मुळं धरलेली नसली. हे चार प्रसंग टाळले की काम झालं.

वर्षाला किती?

हिशोब नेहमी शुद्ध नत्राचा करायचा, पिशवीच्या वजनाचा नाही. घरगुती हरळीच्या लॉनला चौरस मीटरला वर्षभरात १० ते १५ ग्रॅम नत्र भरपूर झालं. झोयशियाला ६ ते १० ग्रॅम. गोल्फच्या ग्रीनसारख्या रोज काही मिलिमीटरांवर कापल्या जाणाऱ्या हिरवळीला जास्त लागतं, पण तिथे काम करणारी माणसं वेगळी आणि मशिनं वेगळी, त्यांची बरोबरी आपल्या अंगणाने करू नये.

एका वेळी ५ ग्रॅमच्या वर कधीच नाही. रेताड जमिनीत मी २ ते अडीचवर थांबतो.

आता उदाहरण. पुढचं लॉन ५०० चौरस फूट धरू. एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट, म्हणजे हे झालं साडेशेहेचाळीस चौरस मीटर. वर्षाला १२ ग्रॅम दराने ५५८ ग्रॅम नत्र लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा सगळं युरियातून द्यायचं ठरवलं तरी वर्षाचा युरिया सव्वा किलोपेक्षाही किंचित कमीच. वर्षाचा! ४५ किलोची गोणी पस्तीसहून जास्त वर्षं पुरेल, आणि बडोद्याच्या दमट पावसाळ्यात तिचा दोन वर्षांत दगड होईल. शिवाय अनुदानाचा युरिया शेतकऱ्यांसाठी आहे. नर्सरीतली किलोची पुडी घ्या, थोडी महाग पडली तरी.

कापलेलं गवत लॉनवरच राहू देत असाल तर या आकड्यातून पाव हिस्सा वजा करा. कातरणात नत्र भरपूर असतं आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांत कुजून परत मुळांशी जातं. अट एवढीच की उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही, म्हणजे तुकडे बारीक राहतात आणि ढीग साचत नाहीत. माळीभाईंना हे पटवणं हेच यातलं अवघड काम. त्यांच्या लेखी कातरण उचलून नेलं नाही म्हणजे काम अर्धं राहिलं.

कोणतं खत घ्यावं

युरिया स्वस्त आणि जोरकस. २०१५ पासून देशात विकला जाणारा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा हात दिलेला असतो, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होणं थोडं लांबतं. गळतीच्या दृष्टीने हा फायदाच, पण पावसाळ्यावरचा तोडगा नव्हे.

अमोनियम सल्फेटमध्ये साडेवीस टक्के नत्र आणि वर गंधक. बडोदेकरांना हे खत ओळखीचं असायला हवं. १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा कारखाना आपल्याच शहराच्या कडेला, फर्टिलायझरनगरला आहे, आणि नायलॉनचा कच्चा माल असलेलं कॅप्रोलॅक्टम करताना हे सल्फेट जोडउत्पादन म्हणून निघतं. बोअरच्या जड पाण्याने अल्कधर्मी झालेल्या लॉनला मी युरियाआधी हेच सुचवेन, कारण ते माती किंचित आंबट करतं. मात्र चुनखडी असलेल्या मातीत त्यातूनही अमोनिया उडतो आणि पानावर राहिलं तर ते चटकन जाळतं. तेव्हा पाणी द्यायचंच.

पावसाळ्यासाठी पेंड चांगली. एरंडीच्या पेंडीत, म्हणजे दुकानदार ज्याला दिवेलीचा खोळ म्हणतो त्यात, साधारण ४ टक्के नत्र असतं. निंबोळी पेंडीतही जवळपास तेवढंच. जिवाणूंनी कुजवल्याशिवाय ते सुटत नाही, त्यामुळे महिना-दोन महिने थोडंथोडं मिळत राहतं. घरात कुत्रा असेल तर एरंडीची पेंड आणूच नका. वासाने कुत्री ती खातात आणि तिच्यात रायसिन हे जबर विष असू शकतं. लहान मुलं हिरवळीवर लोळत असतील तरीही निंबोळीच घ्या.

शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. ते नत्रासाठी टाकू नका, रेताड जमिनीची धरून ठेवण्याची ताकद वाढवायला टाका, तेही चाळलेलं आणि पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणखतातून लव्हाळ्याच्या गाठी आल्या की पुढची काही वर्षं तुम्ही त्याच उपटत बसणार.

डीएपी आणि १९-१९-१९ ही स्फुरद (फॉस्फरस) असलेली खतं बाजूला ठेवा. जुन्या लॉनला स्फुरद क्वचितच कमी पडतं.

टाकायची रीत

सकाळ धरा. पानांवर दव असेल तर ते उडेपर्यंत थांबा. ओल्या पानाला युरियाचा दाणा चिकटतो आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी ठिपका उठतो. जमीन मात्र किंचित ओलसर असावी, आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं असलं की झालं.

५०० चौरस फुटांना चौरस मीटरमागे ३ ग्रॅम नत्र द्यायचं तर ३०० ग्रॅम युरिया, किंवा ६८० ग्रॅम अमोनियम सल्फेट, किंवा साडेतीन किलो पेंड. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, पण पुडी कागदावर ठेवून. मुठीचा अंदाज इथे कामाचा नाही. ३०० ग्रॅम युरिया म्हणजे चार-पाच मुठी फक्त, आणि तेवढ्या एवढ्या जागेवर सारख्या पसरवणं कुणालाच जमत नाही. म्हणून त्यात चार-पाच पट कोरडी चाळलेली रेती मिसळा. मिश्रणाचे दोन सारखे भाग करा. पहिला भाग फाटकाकडून घराकडे चालत भुरभुरा, दुसरा भाग डावीकडून उजवीकडे. आडवं-उभं असं झालं की पट्टे उमटत नाहीत. ज्यांनी एकाच दिशेने फेकलं त्यांच्या लॉनवर दहा दिवसांनी गडद-फिक्या रेघा दिसतात, अगदी माळीभाईंच्या पावलांच्या अंतरावर.

लगेच पाणी. पण किती, हे महत्त्वाचं. खत पानावरून उतरून वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीत जायला ५-६ मिलिमीटर पुरतं. सरळ कडेचे चार-पाच स्टीलचे डबे लॉनवर विखरून ठेवा, स्प्रिंकलर लावा आणि घड्याळ बघा. डब्यात ६ मिलिमीटर जमायला जितकी मिनिटं लागतील तो तुमच्या स्प्रिंकलरचा आकडा, भिंतीवर लिहून ठेवा. डबे सारखे भरत नाहीत हेही तेव्हाच कळतं. कोपऱ्यातल्या डब्यात दोन मिलिमीटर आणि मधल्यात दहा, असं निघालं की कोपरा का सुकतो आणि मधलं का सतत भुकेलं दिसतं, याचं उत्तर मिळालं. मधल्या जागेचं नायट्रेट रोज थोडंथोडं खाली धुतलं जात होतं. स्प्रिंकलरची जागा बदलणं हा तिथला उपाय.

पाइपने देत असाल तर ५०० चौरस फुटांना ६ मिलिमीटर म्हणजे २८० लिटर. बादली किती सेकंदांत भरते ते एकदा मोजलं की वेळ काढता येते. पाइप सोडून फोनवर बोलायला गेलं की खताचा खर्च पाण्यात, शब्दशः.

शेवटी झाडू. फरशीवर, ओट्यावर उडालेले दाणे गोळा करून लॉनवर टाका. ते तिथेच राहिले तर पहिल्या सरीत गटारात जातात.

बडोद्याचं वर्ष, लॉनच्या नजरेने

डिसेंबर-जानेवारी : काही नाही. पतंग उडवा. रात्री दहा-बारा अंशांवर गेल्या की गवत खात नाही, आणि न खाल्लेलं खत पाण्याबरोबर खाली जातं. रंग उतरतो, तो उतरू द्या. पाणीही कमी करा.

फेब्रुवारीअखेर ते मार्च : होळीच्या सुमाराला नवे हिरवे कोंब दिसायला लागले, मशीन दोनदा फिरवावं लागलं, म्हणजे गवत जागं झालं. तेव्हा पहिला हप्ता, चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम नत्र. तारीख बघू नका, कोंब बघा.

एप्रिल-मे : ऊन ४० च्या वर. नियमित पाणी देऊ शकत असाल तर मेच्या सुरुवातीला २ ग्रॅम. पाण्याची ओढ असेल तर हा हप्ता सरळ गाळा. तहानलेल्या गवताला खत म्हणजे जखमेवर मीठ.

जून : मोह आवरा. तापलेली कोरडी जमीन पहिल्यांदा भिजते तेव्हा तिच्यातले सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजतात आणि स्वतःच नत्र सोडतात. पहिल्या पावसानंतर खत न घातलेली मैदानंसुद्धा हिरवी होतात ती यामुळेच. त्यात आपण युरियाची भर घातली तर गवताला एवढं एकदम उचलता येत नाही आणि उरलेलं पुढची झड घेऊन जाते.

जुलै-ऑगस्ट : रंग फारच फिका पडला, कातरण कमी निघायला लागलं, तरच आणि उघडीप बघून २ ग्रॅम नत्राइतकी पेंड. हवामान खात्याचा पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बघा. इशारा पिवळा असला तरी थांबा. पाणी तुंबलेल्या जागी काहीच घालू नका. आधी निचरा सुधारा, काटेरी पंजाने किंवा सळईने बोटभर खोल भोकं पाडा.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर : हा वर्षाचा खरा हप्ता. पाऊस परतलेला, जमीन खोलवर ओली, दिवस उबदार, ऊन स्वच्छ. मुळं खायला तयार असतात आणि खाली ढकलणारं पाणी तुमच्या हातात असतं, आभाळाच्या नाही. ३ ग्रॅम निर्धास्त द्या.

पण सोसायटीच्या लॉनवर याच काळात आपले उत्सव असतात. गणपतीत दहा दिवस मांडव आणि ताडपत्री, मग नवरात्रात नऊ रात्री गरबा. गरब्याच्या गोलाखालचं गवत पार चेंदून जातं, माती सिमेंटसारखी बसते. अशा जागी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी युरिया फेकण्यात अर्थ नाही, पाणीच आत जात नाही. आधी भोकं पाडा, बोटभर जाड रेती-शेणखताचा थर द्या, आठवडाभर हलकं पाणी द्या. नवी पाती दिसली की मग खत, तेही दोन भागांत, पंधरा दिवसांच्या अंतराने. मांडवाखाली पांढरं पडलेलं गवत भुकेलेलं नसतं, त्याला ऊन हवं असतं. त्याला खताशिवाय आठ-दहा दिवस द्या.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा : शेवटचे २ ग्रॅम, सोबत चिमूटभर पालाश, थंडीत देठ काटक राहतात. दिवाळीला लॉन हिरवंगार हवं असेल तर दिवाळीच्या तीन आठवडे आधीचा हप्ता चुकवू नका. आदल्या दिवशी टाकलेलं खत पाहुण्यांना दिसत नाही.

नवं लॉन लावलं असेल तर हे वेळापत्रक पहिले दोन महिने बाजूला ठेवा. गादी अंथरल्यावर एक कोपरा हलकेच वर ओढून बघा. सहज उचलला गेला तर मुळं धरलेली नाहीत, खत देऊ नका. ओढताना जमीन धरून ठेवते आहे असं जाणवलं की दीड ग्रॅमचे छोटे हप्ते, तीन-तीन आठवड्यांनी.

बोअरच्या पाण्यातही खत असू शकतं

हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शहराला आजव्याचं आणि महीचं पाणी मिळत असलं तरी सोसायट्यांची हिरवळ बहुधा बोअरवर जगते. भूजलात नायट्रेट असतं, कुठे कमी, कुठे जास्त. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळांना विशेष घातक, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते.

आता हेच पाणी लॉनवर घालून बघू. ४५ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये साधारण १० मिलिग्रॅम नत्र. रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे ५० मिलिग्रॅम नत्र. महिन्याला दीड ग्रॅम! मार्च ते मे या तीन महिन्यांत साडेचार ग्रॅम, एकही दाणा न टाकता. पाण्यात नायट्रेट दुप्पट असेल तर उन्हाळ्याचे दोन्ही हप्ते खुशाल रद्द करा. बोअरच्या पाण्याची तपासणी सोसायटी कधीतरी करतेच. तो कागद मागून नायट्रेटचा रकाना बघा. दुसऱ्याने गळू दिलेलं खत तुमच्या गवताला परत मिळतंय, आणि ते वर ओढून गवतात कैद करणं हे एक प्रकारे सफाईचंच काम.

पिवळं म्हणजे भूकच असं नाही

नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं एकसारखी फिकी होतात, वाढ मंदावते आणि कातरण कमी निघतं. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोह कमी आहे. जड बोअरचं पाणी आणि चुनखडीची माती असलेल्या लॉनवर हे सर्रास दिसतं. तिथे युरिया वाढवला तर गवत लांबतं, पिवळेपणा जात नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी फवारा. कोटा फरशी आधी झाकून घ्या. हिराकसाचे गंजके डाग एकदा पडले की तुम्ही आणि ते डाग, कायमची सोबत.

मशीन फिरवल्याबरोबर पातीची टोकं पांढरी-तपकिरी झाली असतील तर पातं बोथट आहे. धार लावायला माणूस दारावर येतो, त्याला द्या.

विहीर, बोअर, कांस

लॉनच्या कडेला बोअरचं तोंड असेल तर त्याच्याभोवती दोन-तीन मीटर गोल खताविना ठेवा. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची विहीर असेल तर जास्तच काळजी घ्या. आता बऱ्याच सोसायट्यांत ती असते, आणि लॉनचा उतार हटकून तिच्याकडेच काढलेला असतो. मुळं, माती, जिवाणू यांच्यामधून गाळून जाणारं पाणी वेगळं आणि पाइपातून थेट भूजलात सोडलेलं वेगळं. तिच्या बाजूचा पट्टा पूर्ण सोडा, तिथे गवत थोडं उंच वाढू द्या, म्हणजे वाहून येणारे दाणे आणि गाळ तिथेच अडकतील. पावसाळ्यात विहिरीच्या जाळीवर कातरण साचू देऊ नका.

कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला. रूपारेल कांस, भूखी कांस यांच्या काठच्या सोसायट्यांनीही हाच पट्टा कांसाच्या बाजूने ठेवावा. तिथलं पाणी पुढे नदीलाच मिळतं. माळीभाईंना सांगून भागत नाही, ते बदलतात. पट्ट्याच्या हद्दीवर चार विटा गाडून ठेवा आणि खत टाकायच्या दिवशी स्वतः उभे राहा.